कोंडरावांना न्यायला आलेली बाई

सावळाराम मास्तर पत्र घेऊन आले तेव्हा कुशाबाई कोंडरावांचे पाय पुसत होती. म्हाताऱ्याची सकाळची अंघोळ उरकायला तिला आताशा दीड तास लागायचा. चुलीवरचं पाणी उचलायचं, विसणायचं, म्हाताऱ्याला खाटेवरून लाकडी खुर्चीत घ्यायचं, पाठ चोळायची, पुन्हा खाटेवर निजवायचं. मग ओली खुर्ची, ओली फरशी, ओले कपडे. एवढं झालं की गुडघ्यांत ठणका सुरू व्हायचा, आणि पुढे सगळा दिवस तसाच पडलेला असायचा.

"बाबा, जर्मनीहून पत्र आलंय," मास्तर म्हणाले. "तुमच्या बहिणीचं."

कोंडरावांनी भिंग मागितलं. पत्र दोन पानांचं होतं, पण वाचायला त्यांनी बराच वेळ घेतला. कुशाबाई एका पायाची बोटं पुसून दुसऱ्या पायाकडे वळली. शेवटी त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"मगदा येतीया," ते म्हणाले. "मला न्यायला."

"न्यायला म्हंजी? कुठं?"

"घरी. जर्मनीला."

सुटली बाई, असं कुशाबाईच्या मनात आलं. अगदी तेवढंच आलं. मग तिची तीच दचकली. मास्तर पत्राचं पाकीट न्याहाळत होते, कोंडराव छताकडे बघत होते. कुणाला काही ऐकू गेलेलं नव्हतं. तिनं पाय पुसून धोतर सारखं केलं आणि बादली उचलून बाहेर गेली.

कोंडराव हे काही त्यांचं खरं नाव नव्हे. खरं नाव कोनराड लिंडनर. पण निरवांगीच्या लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं कोंडराव करून टाकलं, आणि त्यांनाही ते आवडलं असावं. पुढे पुढे ते पत्राखाली सहीसुद्धा तशीच करायचे. त्यांचे वडील विणकर. सहा दिवस मागावर बसायचे आणि रविवारी गावच्या देवळात, म्हणजे चर्चमध्ये, ऑर्गन वाजवायचे. तेच पोरानं उचललं. सदतीस साली, पंचवीस वर्षांचे असताना, मिशनच्या शाळेत गाणं शिकवायला म्हणून ते इकडे आले. दोन वर्षं होतात न होतात तोच लढाई पेटली आणि इंग्रजांनी त्यांना जर्मन म्हणून धरलं. आधी नगरला, मग देहरादूनला, तारेच्या कुंपणात सहा-सात वर्षं गेली. सुटले तेव्हा बाकीचे सगळे बोटीत बसून मायदेशी गेले. कोंडराव तेवढे उलट्या गाडीत बसले आणि निरवांगीला आले. त्यांच्या गावावर तोवर दुसऱ्या राज्याचा अंमल बसला होता. मग देशाच्या मधोमध भिंत उठली. आई वारल्याचं पत्र सहा महिन्यांनी हाती पडलं. मिशन गेलं, शाळा झेडपीकडे गेली. राहिलं ते छोटं देऊळ, त्यामागच्या दोन खोल्या आणि कोंडराव.

त्यांनी गीतं केली. एकसष्ट. इंदापुरापासून बारामतीपर्यंतच्या मंडळ्यांमध्ये दर रविवारी त्यातलं एखादं तरी व्हायचंच. पण त्यांना ओळखणारे नुसते ख्रिस्ती नव्हते. ऐन सप्त्याच्या आधी कुणाच्या पेटीचा सूर बसायचा, कुणाचा भाता फाटायचा, की भजनी मंडळं पेटी डोक्यावर घेऊन कोंडरावांच्या ओट्यावर हजर. ते पेटी उघडायचे, सुरांच्या पितळी जिभाळ्या घासायचे, फुंकून बघायचे आणि कानाला लावून मान हलवायचे. "हिला सर्दी झालीया," म्हणायचे. लोक हसायचे.

कुशाबाई त्यांच्याकडे कामाला आली ती एकसष्ट साली. नवरा मेंढरं घेऊन कोकणाकडे गेला होता, तो तापानं तिकडेच वारला. दिरांनी मेंढरं वाटून घेतली. सत्तावीस वर्षांची ती आणि अंगावर पिणारा बिरू. कोंडरावांना भाकरी करायला कुणीतरी हवं होतं. सुरुवातीला गावात लोक नको ते बोलले. मग बोलून बोलून दमले. ती सकाळी यायची, संध्याकाळी धनगरवाड्यावरच्या आपल्या घरी जायची. बिरोबाची पालखी तिनं कधी चुकवली नाही आणि देवळाच्या आत कधी पाऊल टाकलं नाही. पण कोंडरावांची एकसष्टच्या एकसष्ट गीतं तिला पाठ होती, कारण प्रत्येक ओळ तिनं भांडी घासताना चाळीस-चाळीस वेळा ऐकलेली होती.

शब्द अडला की ते पेटी थांबवून हाक मारायचे.

"कुशाबाई! दमलेला माणूस झाडाखाली बसतो, त्याला काय म्हंतात?"

"बसतोय की. अजून काय म्हनायचं?"

"न्हाय, ते बसणं. विश्रांती?"

"ते पुस्तकातलं झालं. आमी इसावा म्हंतो. डोक्यावरचं वझं उतरून टेकायचं, त्यो इसावा."

मग भाता हलला आणि ओळ आली.

*दिस कलला, वाट सरेना,*
*दे गा प्रभू तुझ्या दारी इसावा.*

पुस्तक छापायची वेळ आली तेव्हा पुण्याच्या कुणीतरी त्याचं "विसावा" केलं. कोंडरावांनी पोस्टानं तीन पत्रं पाठवून ते पुन्हा "इसावा" करून घेतलं. "माझी व्याकरणाची बाई निरवांगीला असती," असं त्यांनी लिहिलं होतं म्हणे.

ते सगळं मागे पडलं होतं. गेल्या साली पहाटे अंगणात ते पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण माणूस उठला नाही. तेव्हापासून अंघोळ, भांडं, कूस बदलणं, भरवणं, सगळं कुशाबाईवर आलं. तिला तिचंच साठावं वर्ष लागलेलं. मंडळीतल्या बाया आळीपाळीनं येतो म्हणाल्या, आठवडाभर आल्याही. पुढे ऊसतोड सुरू झाली, पाण्याच्या पाळ्या सुरू झाल्या, आणि ज्याचं त्याला पुरेना. बिरू बारामतीला दूध डेअरीच्या गाडीवर होता. महिन्या-दोन महिन्यांनी यायचा आणि तेच बोलायचा.

"आये, आता बास. बाबांनी मला शिकीवलं, मोठं केलं, मी न्हाय म्हनत न्हाय. पर तुज्या गुडघ्यांचं काय? तू हिकडं चल. राजनंदिनी रोज इचारती, आज्जी कवा येनार म्हनून."

"जातील त्ये भैनीसंगं. मग येती," आता ती म्हणाली.

मनातल्या मनात तिनं सगळं ठरवून टाकलं. संक्रांत झाली की जायचं. घरातली भांडी झुंबरला, म्हणजे सुनेला, आवडतील ती न्यायची. बाकीची शेजारी देऊन टाकायची.

मगदाबाई नाताळच्या आधी चार दिवस आली. मास्तर स्वतः मुंबईला जाऊन तिला घेऊन आले होते. कोंडरावांकडून शिकलेलं तुटकंमुटकं जर्मन त्यांना येत होतं. इंदापुरातून जीप केली. उंच, वाळकी, पांढरे केस मानेपाशी कापलेले, अंगात पँट. पिशवी कुणाच्या हातात देईना. वय चौऱ्याहत्तर. कोंडरावांनी त्या दिवशी कडक इस्त्रीचा सदरा घालून घेतला होता आणि खुर्चीत बसवा म्हणून हट्ट धरला होता. ती दारात उभी राहिली. सतरा वर्षांची असताना पाहिलेला भाऊ समोर बसला होता. ती काहीतरी म्हणाली. कोंडरावांनी तोंड उघडलं आणि म्हणाले, "ये. बस. परवास कसा झाला?"

मग त्यांचं त्यांनाच कळलं. ते जर्मन शब्द शोधायला लागले. किल्ल्यांचं जुडगं चाचपावं तसे ते शोधत होते, आणि मगदाबाई वाट बघत उभी होती. एक शब्द सापडला, दुसरा सापडला. तिनं खाली बसून त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलं. कुशाबाई चहा ठेवायला आत गेली आणि चहा झाला तरी बराच वेळ तिथेच थांबली.

पुढचे दिवस गडबडीचे गेले. माणसं बघायला यायची. मगदाबाई प्रत्येकाला हात जोडायची. कोंडराव मधे बसून इकडचं तिकडं सांगायचे आणि तासाभरात थकून डोळे मिटायचे. ते झोपले की घरात दोन बाया उरायच्या, एकमेकींचा एक शब्द न कळणाऱ्या. मगदाबाई देवाधर्मातली नव्हती. गिरणीत जन्म काढलेली बाई. भाऊ आयुष्यभर देवाची गाणी करत बसला याचं तिला नवलच वाटत असावं. एकदा कुशाबाई ओट्यावर तांब्या घासता घासता गुणगुणत होती, तर मगदाबाई पुस्तक टाकून बाहेर आली आणि घाईघाईनं भावाला काही विचारू लागली.

"काय म्हंत्यात?" कुशाबाईनं विचारलं.

"म्हंती, ही चाल आईची. सूत गुंडाळताना आमची आई म्हनायची."

"आता गं बया! मला वाटलं व्हतं, ती चाल तुमी माज्याकडनं घेतली. आमची आय जात्यावर अशीच म्हनायची."

कोंडराव हसले. "पयल्या दोन ओळी आईच्या. पुढच्या दोन तुझ्या. कुठं शिवलंय त्ये अजून कुनाला घावलं न्हाय."

जायचं की नाही हे त्यांना मास्तरांनी सगळ्यांसमोर विचारलं. ते लगेच म्हणाले, "जानार." इतक्या पटकन म्हणाले की मास्तरांचा चेहरा पडला. कुशाबाईनं पदराखाली हात घट्ट धरले. आनंद झाला होता, तो तोंडावर दिसू नये म्हणून ती उगीच चूल फुंकत बसली.

नाताळनंतरच्या रविवारी निरोपाची उपासना झाली. चौघांनी त्यांना खुर्चीसकट उचलून देवळात नेलं. त्यातले दोघे भजनी मंडळातले होते. कुशाबाई नेहमीसारखी बाहेर पायरीवर बसली. मास्तरांनी पेटी धरली, लोक गाऊ लागले. उपासना चालवणारे पाळक रडले, बाया रडल्या, आणि रडता रडता चाल ओढत ओढत इतकी संथ झाली की कोंडराव आतून ओरडले, "अरं, मढं उचललंय का? जरा पाय उचला की!" मग लोक हसले आणि उरलेलं गीत नीट गायलं गेलं.

विमानवाल्यांना डॉक्टरांचा दाखला लागत होता. जानेवारीत एक दिवस जीप केली आणि त्यांना बारामतीला नेलं. मागच्या सीटवर उशा लावून त्यांना निजवलं होतं. त्यांचं डोकं कुशाबाईच्या मांडीवर आणि पाय मगदाबाईच्या. जंक्शन गावाच्या पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग लागली होती. जीप त्यांच्यामागे गोगलगाईसारखी चालली. प्रत्येक खड्ड्याला कोंडरावांचे ओठ आवळले जायचे. तोंडानं मात्र त्यांनी हूं की चूं केलं नाही.

डॉक्टरांनी सावकाश तपासलं. छातीच्या ठोक्यांची पट्टी काढली, ती दोनदा बघितली. मग मास्तरांना म्हणाले, "हृदय फार दमलंय यांचं. इथून मुंबईचा रस्तासुद्धा सोसायचा नाही. विमानाचं तर नावच काढू नका. घरी ठेवा, जपा. किती दिवस, ते मी सांगू शकत नाही."

मास्तर खाली बघत होते. डॉक्टर काय म्हणाले ते मगदाबाईला कळायचं होतं. मग कोंडरावांनीच, टेबलावर पडल्या पडल्या, शांतपणे ते तिला जर्मनमध्ये सांगितलं. स्वतःबद्दलचा निकाल त्यांनी स्वतःच वाचून दाखवला. मगदाबाईनं त्यांचा हात धरला.

कुशाबाई दाराशी उभी होती. तिनं सगळं मराठीतच ऐकलं होतं. म्हातारा मरणार हे ऐकून तिला रडू यायला पाहिजे होतं. त्याऐवजी तिला डोळ्यांपुढे बादली दिसली, ओली खुर्ची दिसली, उद्याची सकाळ दिसली. बारामतीतच, तिथून हाकेच्या अंतरावर, बिरूचं घर होतं. जीप त्याच रस्त्यानं परत फिरली आणि तिनं तिकडे मान वळवून बघितलंही नाही.

दुसऱ्या दिवशी ती धुणं घेऊन मागच्या दगडावर बसली. चादर पिळायला घेतली आणि पिळता येईना. मनगटात जोरच राहिला नव्हता. चादर हातातून सुटून मातीत पडली. ती उचलायलाही तिला उठवेना. तेवढ्यात मगदाबाई बाहेर आली.

"मी दमली बाई," कुशाबाई म्हणाली. समोरचीला कळतंय की नाही याचा तिनं विचारच केला नाही. "लई दमली. तुमी न्यायला आला, मला वाटलं, सुटली. देवाशपथ वाटलं. तुमचा भाऊ हाय, मला त्येंच्याबद्दल कायबी वाईट न्हाय. बापागत त्येंनी माज्या पोराला वाढीवलं. पर माज्यानं आता व्हत न्हाय. बादली उचलली की मला डोळ्याम्होरं अंधारी येती. कुनाला सांगू मी?"

मगदाबाईनं सगळं ऐकून घेतलं. मग ती मातीतली चादर उचलून नळाखाली घेऊन गेली, धुतली, आणि परत येऊन तिचं एक टोक कुशाबाईच्या हातात दिलं. दोघींनी दोन बाजूंनी पीळ दिला. पाणी गळून गेलं. मग तिनं कुशाबाईच्या हातातलं टोकही काढून घेतलं, तिला दंडाला धरून ओट्यावर नेऊन बसवलं आणि राहिलेलं धुणं एकटीनं धुतलं. धुणं नीट निघालं नाही. साबण तसाच राहिला होता. कुशाबाईनं ते तसंच वाळत घालू दिलं.

त्याच संध्याकाळी मगदाबाई मास्तरांबरोबर इंदापूरला गेली. एसटीडी बूथवरून तिनं जर्मनीला फोन केला आणि परतीचं तिकीट पुढे ढकललं. व्हिसा सहा महिन्यांचा होता. तोवर ती राहणार होती.

"बाई म्हणतात," मास्तरांनी परत आल्यावर सांगितलं, "सकाळचं त्या बघतील. तुम्ही दुपारनंतर या. आणि आधी आठ दिवस लेकाकडे जाऊन या म्हणतात."

"त्यास्नी जमंल का?"

"नाही जमणार," मास्तर म्हणाले. "पण त्या करणार."

बिरूच्या घरी कुशाबाई पहिले दोन दिवस नुसती झोपली. जेवायला उठायची आणि पुन्हा आडवी व्हायची. झुंबर घाबरली, कपाळाला हात लावून बघू लागली. "ताप न्हाय गं," कुशाबाई म्हणाली, "झोप हाय." तिसऱ्या दिवशी ती नातीची वेणी घालायला बसली. पाचव्या दिवशी सुनेबरोबर बाजारात गेली, भेळ खाल्ली. निरवांगीची आठवण येते का, असं बिरूनं विचारलं, तेव्हा तिनं खरं ते सांगितलं, "न्हाय येत." पण आठवा दिवस आला तशी तिनं पिशवी भरली. जायची हौस नव्हती. पण जायचं होतं.

परत आली तर दुपार होती. मगदाबाई पुढच्या खोलीत खुर्चीतच झोपली होती, तोंड उघडं, हात लोंबकळते. नाक उन्हानं सोलून निघालेलं. कोंडरावांची दाढी अर्धीमुर्धी केलेली होती आणि हनुवटीला कापल्याची खूण होती. त्यांनी बोटानं कुशाबाईला हळू बोल म्हणून खुणावलं.

"झाली का झोप?"

"झाली. पोटभर."

"मगदा सारखी इचारती, ही बाई तेहतीस वर्सं कसं करत आली म्हनून."

"तवा तुमी पडून नव्हता. तवा काय व्हतं? भाकऱ्या थापायच्या आन तुमचं गानं ऐकायचं."

ती त्यांच्या पायाशी बसली. बाहेर कालव्याचं पाणी सुटलेलं होतं, त्याचा आवाज येत होता. जरा वेळानं ते म्हणाले, "मी जायला तयार का झालो, ठाव हाय तुला?"

"भैनीसाठी."

"न्हाय. बादली उचलताना तू रोज 'आई गं' म्हंतीस. पयलं म्हनत नव्हतीस. रोज ऐकायचं आन पडून ऱ्हायचं, त्ये मला सोसना. जाऊन तिकडं मी काय करनार व्हतो? तिकडं माजं कोन बी न्हाय. पर तू तरी सुटली असतीस."

कुशाबाईनं त्यांच्या अंगावरची चादर, एकही सुरकुती नसताना, दोनदा सारखी केली.

"मलाबी वाटलं व्हतं तुमी जावं," ती शेवटी म्हणाली. "पत्र आलं त्याच दिशी."

"ठाव हाय. पाय पुसता पुसता तुजा हात हलका झाला व्हता."

"मग दोगंबी खोटं वागलो."

"खोटं कशाचं," ते डोळे मिटत म्हणाले. "कोन कायबी बोललंच न्हाय."

त्यानंतर घराला एक घडी बसली. सकाळ मगदाबाईची, दुपार कुशाबाईची. उचलायचं काम दोघींनी मिळून करायचं. मगदाबाई "एक, दोन, तीन" म्हणायला शिकली आणि तीनवर दोघी एकदम जोर लावायच्या. कधीकधी दोघींचा जोर चुकायचा आणि म्हातारा अर्धा खाटेवर, अर्धा खुर्चीवर राहायचा. मग तिघंही तसेच थांबून दम खायचे. कोंडरावांचं बोलणं हळूहळू उलटंपालटं होऊ लागलं. ते कुशाबाईशी जर्मन बोलायचे आणि बहिणीशी मराठी. दोघी आपापल्या भाषेत हो म्हणायच्या. त्यांना तेवढं पुरायचं.

बासष्टावं गीत करायचं असं त्यांनी एकदा मनावर घेतलं. मास्तर वही घेऊन बसले. कोंडरावांनी बोटानं खाटेच्या कडेवर ताल धरला, दोन ओळी गुणगुणल्या, थांबले, पुन्हा पहिली ओळ घेतली. मग म्हणाले, "ऱ्हाऊ द्या मास्तर. ही चाल आधीच कुठंतरी वापरलीया." मास्तरांनी वही मिटली. कुशाबाईला ठाऊक होतं, ती चाल कुठंच वापरलेली नव्हती. पण तिनं ते सांगितलं नाही. माणसाला पुरे म्हणायचं असेल तर म्हणू द्यावं, असं तिला वाटलं.

होळीनंतर चौथ्या दिवशी, दुपारी तीनच्या सुमाराला ते गेले. कुशाबाई तांदूळ निवडत होती, मगदाबाई शर्टाला बटण लावत होती. त्यांनी पाणी मागितलं. दोघी एकदमच उठल्या. मगदाबाईनं मान उचलली, कुशाबाईनं भांडं लावलं. दोन घोट गेले, तिसरा ओठांवरून ओघळला. त्यांचा चेहरा फार शांत वगैरे झाला नव्हता. दमलेल्या माणसाचा असतो तसाच तो राहिला. कुशाबाईनं हनुवटी पुसली. मगदाबाईनं सुई चादरीला टोचून ठेवली आणि डोळे मिटवले.

मातीला दोन तालुक्यांतून माणसं आली. इंदापूरची मंडळी, बारामतीची मंडळी, आसपासच्या गावांची भजनी मंडळं. त्यांनी दुरुस्त केलेल्या तीन पेट्या लोकांनी बरोबर आणल्या होत्या. तिन्हींचे सूर एकमेकांशी जुळेनात. मास्तर कान देऊन देऊन हैराण झाले, शेवटी दोन बंद ठेवल्या आणि एकीवर सगळे गायले. पाळकांनी कुशाबाईला पुढे बोलावलं. ती गेली नाही. बोरीच्या झाडाखाली ती मातीत बसून राहिली. रडली नाही. अंगात तेवढं त्राणच नव्हतं. थोड्या वेळानं मगदाबाई गर्दीतून निघून तिच्याजवळ येऊन बसली, पँटीला माती लागेल याची पर्वा न करता.

पुढचे दहा-बारा दिवस आवराआवरीत गेले. गीतांच्या वह्या मास्तरांनी देवळाच्या कपाटात ठेवल्या. त्यांची झेरॉक्स इंदापुरातून करून आणली आणि मगदाबाईनं ती आपल्या पिशवीत भरली. दोन खोल्या धुऊन काढल्या. खाट मंडळीतल्या एका घरी गेली. कुशाबाईनं आपल्या घराला कुलूप लावलं आणि किल्ली शेजारणीकडे दिली.

दोघी एकाच जीपनं इंदापूरला आल्या. मगदाबाईला मास्तरांबरोबर मुंबईला जायचं होतं, कुशाबाईला एसटीनं बारामतीला. स्टँडवरच्या रसवंतीत त्यांनी रस घेतला. मगदाबाईनं बर्फ नको म्हणून हातानं दाखवलं, पण पोऱ्यानं टाकलाच. मग तिनं रस तसाच प्यायला. कुशाबाईला काहीतरी बोलावं असं फार वाटत होतं. तुमी आला नसता तर मी कोलमडली असती, एवढं तरी. पण मास्तर तिकिटाच्या खिडकीकडे गेले होते आणि मधे सांगायला कुणी नव्हतं.

"नीट जावा," ती म्हणाली.

"जावा," मगदाबाई म्हणाली आणि मान हलवली.

बारामती गाडी लागली तशी माणसं दाराशी धावली. मगदाबाईनं कुशाबाईची पिशवी घेतली आणि उंच हातानं ती खिडकीतून आत सीटवर टाकली. गाडीत जागा अशी धरतात, हे तिनं कुठं पाहिलं होतं कोण जाणे. कुशाबाई लोकांच्या मागून सावकाश चढली. तिची जागा रिकामी राहिली होती. गाडी स्टँडाबाहेर वळेपर्यंत मगदाबाई उन्हात उभी दिसत होती, नंतर ट्रकच्या आड गेली.

शेजारी एक तरणी बाई लेकरू घेऊन बसली होती. लेकरू चुळबुळ करत होतं.

"आज्जी, कुठं, बारामतीला का?"

"व्हय. लेकाकडं."

"चार दिस?"

"न्हाय," कुशाबाई म्हणाली. "आता तितंच."

कंडक्टर तिकिटं फाडत मागे आला. तिनं पदराची गाठ सोडायला घेतली.